लक्ष्मीबाईंच्या घरचे पाणी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायची व तीत प्रत्येकीने काही ना काही लिहायचे असे बैठकीत ठरले, तेव्हा मी बाजरीच्या खारोड्यांची कृती देऊन मोकळी होणार होते. पण त्याच आठवड्यात माझ्या घरी पाण्याच्या एका पेल्यावरून असे काही घडले की खारोड्या बाजूला राहिल्या आणि लक्ष्मीबाई टिळकांची फार आठवण झाली. पेल्याची हकीकत मी शेवटी सांगणार आहे. आधी त्या माऊलीची सांगते, कारण तिच्याशिवाय माझी हकीकत कळायची नाही.

लक्ष्मीबाईंना आपण सगळ्याच ओळखतो असे आपल्याला वाटते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गाणी आपण दर रविवारी उपासनेत म्हणतो, आणि त्यांची पत्नी म्हणून लक्ष्मीबाईंचे नाव आपल्या कानावर असते. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचे पुस्तक पुष्कळ घरांत आहे. मी ते दुपारी भांडी आवरल्यावर दहा-दहा पाने करीत वाचले. वाचताना कधी हसू आवरत नसे, तर कधी पदराने डोळे पुसावे लागत.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, लाडाने मनू. घर चित्पावन ब्राह्मणाचे, आणि सोवळे तर असे की ऐकून खरे वाटू नये. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना इंग्रजांनी फाशी दिले. त्या धक्क्यानंतर मनूच्या वडिलांच्या मनात विटाळाचे भय शिरले ते कायमचे. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, असा त्यांचा नेम झाला. धान्य धुवायचे, कपडे धुवायचे, इथपर्यंत ठीक. पण त्या घरात मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घेत. भगिनींनो, आपण स्वयंपाक करणाऱ्या बायका आहोत. मीठ धुतले तर मागे काय उरणार ते आपल्याला सांगायला नको. पण ज्याच्या मनाला माणसाच्या हाताचीच भीती बसली, त्याला मीठ वाहून गेल्याचे काय दुःख? त्या भीतीत घरातल्या बायकांचे आणि लेकरांचे किती हाल झाले असतील ते आपणच मनात आणावे.

वयाच्या अकराव्या वर्षी मनूचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले व ती लक्ष्मी झाली. टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. ते मोठे बुद्धिमान, कवी, वक्ते, संस्कृतचे जाणकार. पण संसाराच्या दृष्टीने पाहिले तर फार अवघड गृहस्थ. पैसा हातात टिकत नसे, राग नाकावर असे, आणि मनात आले की घरी न सांगता कुठेही निघून जात. लक्ष्मीबाईंना शाळा ठाऊक नव्हती. अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्याने करून दिली, तीही रागावत आणि हसवत. आधीची अपत्ये देवाघरी गेली, आणि १८९१ साली झालेला दत्तू तेवढा हाती लागला. पुढे हेच देवदत्त नारायण टिळक म्हणून नावारूपाला आले.

१८९३ मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले असता डब्यात एका युरोपियन गृहस्थाची गाठ पडली. बोलण्याबोलण्यात त्याने टिळकांना नवा करार भेट दिला. टिळक तो वाचू लागले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी त्यांचे मन गुंतून राहिले. दोन वर्षे आतल्या आत झगडा चालला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आपण ख्रिस्ती घरांत वाढलेल्या बायका हा प्रसंग वाचतो तेव्हा आपल्याला आनंद होतो. पण त्या दिवशी लक्ष्मीबाईंवर काय कोसळले असेल ते मला दुसऱ्यांदा वाचताना कळले. नवरा जिवंत, कपाळाला कुंकू, आणि तरी तो आपला नाही. त्याच्या हातचे खायचे नाही, त्याच्या घरी जायचे नाही, चार बायकांत त्याचे नावही काढायचे नाही. पदरी चार वर्षांचा मुलगा. बहिणीने आणि तिच्या यजमानांनी त्यांना मायेने सांभाळले. दुःखाने त्या अंथरुणाला खिळल्या, देवदेव केले, तीर्थे केली. ह्या काळातच त्या कविता करू लागल्या. एकटेपणात जे कोणाला सांगता येत नव्हते ते ओळींतून बाहेर पडू लागले.

अशी काही वर्षे गेली. टिळक पत्रे पाठवीत, भेटायला येत, पण माझ्या धर्मात ये म्हणून त्यांनी जबरदस्ती केली नाही. शेवटी लक्ष्मीबाईंनी स्वतःच ठरवले की नवऱ्याजवळ राहायचे. माहेरच्या माणसांनी त्यांना घालवले नव्हते. जन्मभर आश्रित म्हणून का होईना, तिथे राहता आले असते. पण त्या दत्तूला घेऊन टिळकांच्या मागे आपल्या नगरास आल्या.

नगरास अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून चालू होते. 'ज्ञानोदय' पत्र १८४२ साली निघाले तेही इथूनच. मिशनच्या येथील धर्मशिक्षणाच्या शाळेत टिळक शिकवीत. अशा ख्रिस्ती वस्तीत एक सोवळी ब्राह्मण बाई येऊन राहिली. तिची चूल वेगळी, तिचे पाणी वेगळे. नवऱ्यावर जीव, पण त्याने शिवलेले पाणी चालायचे नाही. हा संसार कसा चालला असेल? कोणाच्या हातचे चालते आणि कोणाच्या हातचे नाही, ह्याचा हिशेब डोक्यात ठेवून दिवसभर वावरायचे. आजूबाजूची माणसे मात्र प्रेमळ. दुखल्याखुपल्याला धावणारी, लेकराला कडेवर घेणारी. मन त्यांच्याकडे ओढ घेई आणि हात मागे सरे.

त्यांचे मन पालटले ते कोणाच्या व्याख्यानाने नव्हे. पाणी, भांडी, शिवाशीव ह्यांच्याशी रोज झगडता झगडता त्यांच्याच मनात प्रश्न उभा राहिला, की ही जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर जन्मतःच माणसामाणसांत काही खूण दिसली असती. वाघ आणि गाय ह्यांत जसा फरक दिसतो तसा ब्राह्मण आणि महार ह्यांत कुठे दिसतो? विचार करता करता त्यांची खात्री झाली की हे सगळे माणसाचे करणे आहे, आणि माणसाने केलेले माणसाला सोडता येते. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे पाणी त्यांना चालू लागले. ज्या बापाने मीठ धुतले त्याच्या लेकीने असे पाणी घेतले!

भगिनींनो, क्रम लक्षात घ्या. आधी पाणी, मग बाप्तिस्मा. बाप्तिस्मा त्यांनी पुढे १९०० साली घेतला. आपला प्रभू शोमरोनी बाईजवळ विहिरीच्या काठी पाणी मागतो, ती गोष्ट आपण रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो. यहूदी मनुष्य शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसे, म्हणून तिला नवल वाटले. मला तरी वाटते की लक्ष्मीबाईंनी ती गोष्ट आधी घरात जगून पाहिली आणि नंतर पवित्र शास्त्रात तिची ओळख पटली.

पुढचे त्यांचे आयुष्य म्हणजे दार उघडे ठेवणे. टिळकांचा काही काळ मुक्काम राहुरीस होता. १८९९-१९०० चा तो भयंकर दुष्काळ, ज्याला जुनी माणसे छप्पनचा दुष्काळ म्हणत, आपल्या जिल्ह्याने फार सोसला. आईबाप मेलेली, टाकलेली मुले रस्तोरस्ती झाली. टिळकांनी अशी मुले घरी आणली. आणायचे काम टिळकांचे. पण न्हाऊ घालणे, उवा काढणे, खरूज धुणे, भाकरी थापणे हे काम कोणाचे? ते लक्ष्मीबाईंचे. प्लेगच्या साथीत माणसे पोटच्या पोराजवळ जायला भीत होती, तेव्हा ह्या जोडप्याने नगरास रोग्यांची सेवा केली. शिवाशिवीची भीती गेली होती, म्हणून रोगाच्या भीतीलाही तोंड देता आले, असे मला वाटते.

घरात पैसा कधी साठला नाही. टिळक देऊन टाकीत, आणि लक्ष्मीबाई भांडत. हे त्यांनी पुस्तकात मुळीच लपवलेले नाही. मी साध्वी, मी सोशिक, असा आव त्यांनी आणला नाही. नवऱ्याचा राग, आपला हट्ट, अबोले, फजिती, सगळे जसेच्या तसे सांगितले आणि स्वतःला सर्वांत जास्त हसल्या. पण भांडून झाल्यावर आलेल्या पाहुण्याला त्या जेवू घालीतच. मला त्यांचा हा स्वभाव फार धीर देतो. माझ्या घरीही अवेळी चार माणसे आली की कपाळाला आठी पडते. लक्ष्मीबाईंच्याही पडत होती. आठी पडली म्हणून त्यांनी कोणाला उपाशी परत धाडले नाही, एवढेच आपण घ्यावे.

ह्याच नगरच्या घरात बालकवी ठोंबरे येऊन राहिले. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ज्यांचे नाव झाले तो हा मुलगा. तो ब्राह्मण आणि हिंदूच राहिला, पण टिळकांच्या घरात पोटच्या मुलासारखा वाढला. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर माया केली, तसा त्याचा छळवादही सोसला. १९१८ मध्ये रेल्वेच्या अपघातात तो गेला तेव्हा त्याचे वय तीसही नव्हते.

टिळकांच्या उपासनेबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. आपल्या बायाबापड्यांनी परक्या चालीवर का गावे, आपल्या अभंग-ओवीच्या चालीवर प्रभूचे नाव का घेऊ नये, असा त्यांचा विचार होता. त्यांनी शंभरावर गाणी रचली, आणि ती टाळ-मृदंगावर खेडोपाडीच्या मंडळ्यांत पोचली. माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हते, पण जात्यावर बसली की टिळकांची गाणी एकापुढे एक म्हणत असे. तिची उपासना रविवारपुरती नव्हती, ती पिठाबरोबर रोज होत असे. पुढे १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली व साताऱ्यास 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात जागा होती.

९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळक प्रभूकडे गेले. लक्ष्मीबाईंचे वय तेव्हा पन्नाशीचे. पुढे काही काळ त्या मुलाबरोबर कराचीस राहिल्या, नंतर नाशिकास. टिळकांनी 'ख्रिस्तायन' नावाचे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र आरंभले होते, त्याचे सुरुवातीचे थोडेच अध्याय झाले होते. ते काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि एक नव्हे, दोन नव्हे, तब्बल ६४ अध्याय लिहिले! शाळेची पायरी न चढलेल्या बाईने! माझी सातवी झाली आहे, आणि ही चार पाने लिहिताना मी तीन वेळा पेन खाली ठेवले, म्हणून मला त्याची किंमत कळते. 'स्मृतिचित्रे'चे भाग १९३४ पासून निघू लागले, आणि सारा महाराष्ट्र त्या साध्या बोलण्याने मोहून गेला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकास त्यांचे देहावसान झाले. शेवटचा भाग त्यांच्या मागे निघाला, आणि 'ख्रिस्तायन' १९३८ मध्ये.

आता माझ्या घरची गोष्ट.

माझी आजी लहानपणी ह्याच जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहत होती. गावच्या आडावर आमच्या माणसांना पाणी शेंदता येत नसे. कडेला उभे राहून वाट पाहायची, कोणाला दया आली तर तो वरून घागरीत ओतणार. तहान लागली तर ओंजळ धरायची, आणि वरून धार पडायची. प्यायला लोटा मिळत नसे. ही गोष्ट सांगताना म्हातारपणीही आजी आपोआप दोन्ही हातांची ओंजळ करीत असे. बाप्तिस्मा घेऊन मंडळीत आल्यावर प्रभुभोजनाच्या वेळी सगळ्यांबरोबर आपल्याही हाती भाकर आली, ह्याचे तिला मरेपर्यंत अप्रूप होते.

त्या आजीची मी नात. आमच्या घराच्या मागे रिकाम्या जागेत पाल टाकून काही कुटुंबे राहतात. त्यांच्यातली एक बाई उन्हाळ्यात दुपारी पाणी मागायला येते. मी तिला कधी नाही म्हटले नाही, आणि त्याचा मला मनातून अभिमानही होता. पण तिच्यासाठी मी एक जुना स्टीलचा पेला मागच्या खिडकीत वेगळा ठेवला होता. कधी ठेवला, का ठेवला, मला सांगता येत नाही. कोणी शिकवले नाही, कोणी सांगितले नाही. एके दिवशी तिची लहान मुलगी पुढच्या दाराने आत आली आणि मांडणीवरचा पेला घेऊन माठात बुडवू लागली. मी ओरडले. ती मुलगी दचकली, तिने पेला खाली ठेवला, आणि दोन्ही हातांची ओंजळ करून माझ्यापुढे धरली.

भगिनींनो, ती ओंजळ मी ओळखली. माझ्या आजीचीच होती ती. फक्त ह्या वेळी वरून धार धरणारी मी होते.

मी तिला मांडणीवरच्या पेल्यातून पाणी दिले. खिडकीतला पेला रात्री बाकीच्या भांड्यांबरोबर घासला आणि मांडणीत ठेवून दिला. आमच्याकडचे पेले सगळे एका छापाचे, त्यामुळे आता तो कोणता हे मलाही सांगता येणार नाही. पण खरे ते कबूल करते. पहिले काही दिवस पाणी पिताना हा तोच का, असे मनात येई. वडिलांचे मीठ धुणे लक्ष्मीबाईंच्या मनातून जायलाही वेळ लागलाच होता.

मग मी आणखी विचार करू लागले. आपल्या मंडळीत जात नाही असे आपण म्हणतो. पण मुलीचे लग्न ठरवताना आधी कुठल्या वाड्याची माणसे होती, हे आपण हळूच विचारतो की नाही? प्रीतिभोजनाला पातेल्याजवळ कोण आणि खरकट्याजवळ कोण, हे दर वर्षी न ठरवता कसे काय ठरते? मी कोणाकडे बोट दाखवीत नाही. बोट दाखवायचे तर माझ्या खिडकीकडेच दाखवावे लागेल. पण एवढे खरे की प्रभूची उपासना रविवारी तास-दीड तास करून घरी आल्यावर सोमवारी कोणाला कोणत्या भांड्यात पाणी देतो, तिथेही ती व्हायला हवी. लक्ष्मीबाईंची तिथेच झाली.

म्हणून ह्या वर्धापनदिनानिमित्त माझी एक साधी सूचना आहे. यंदाच्या प्रीतिभोजनाला कामाच्या चिठ्ठ्या टाकाव्या. जिच्या वाट्याला फोडणी येईल तिने फोडणी द्यावी, जिच्या वाट्याला पातेली येतील तिने पातेली घासावी, मग ती अध्यक्षीणबाई असो की नवी आलेली सून. आणि आपल्या परिसरात पालावर राहणाऱ्या बायकांना व त्यांच्या लेकरांना त्या दिवशी बोलवावे. त्यांना मागच्या दाराशी ताट नेऊन द्यायचे नाही, आपल्या पंगतीत बसवायचे. पाण्याचे जग मी भरीन, पेले माझ्या घरून आणीन.

आपल्या गावाचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. नावे बदलतात, माणसे येतात आणि जातात. ज्या गावात लक्ष्मीबाईंनी वेगळी चूल मांडली आणि मग आपल्याच हाताने मोडली, त्या गावच्या आपण बायका आहोत. तेवढे बळ देवबापाने आपल्यालाही द्यावे, हीच प्रभुचरणी प्रार्थना.